गावात राहून शेती करताना महागडं स्टीलचं क्रोनोग्राफ (म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं) घड्याळ वापरणं जमतं का? शेतकऱ्याला ते शोभेल का? रोलेक्सचं डेटोना घ्यावं की ओमेगाचं स्पीडमास्टर?

"शोभेल का" हा शब्द तुम्ही लिहिला नसता तर मी उत्तर द्यायला बसलो नसतो. आधी त्याचंच सांगतो, डेटोनाचं मागून.

वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराचा सौदा चांगला झाला, पीककर्ज भरलं, पुण्यातल्या मोठ्या भावाचा हिस्सा पोहोचता केला, आणि दहा-अकरा वर्षं साठवत आलेल्या रकमेत भर घालून ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल घेतलं. मुंबईहून. पैसे बँकेतून गेले, पक्कं बिल आहे. हे आधीच सांगतो, कारण गावात पहिला प्रश्न तोच येतो: "कर्जमाफी झाली वाटते?" तीस-बत्तीस लाखांची गाडी घेऊन पुण्याहून माझा भाऊ येतो, त्याला असं कोणी विचारत नाही. विदर्भातला शेतकरी म्हटलं की लोकांना रडका चेहराच पाहायचा असतो. आपल्या कष्टाच्या पैशाने एक चांगली वस्तू घेतली तर ती कोणाच्या डोळ्यात का खुपावी?

पहिल्या दिवसांचा अनुभव सांगतो. पहिला आठवडा ते जड वाटतं, मनगटावर कोणी हात ठेवल्यासारखं. मग हात सरावतो, आणि काढलं की मनगट मोकळं मोकळं वाटतं. रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो. एकदा पूर्ण दिली की पन्नास तास चालतं, तरी मी रोजच देतो. बाबा त्यांच्या एचएमटीला तशीच द्यायचे. पानठेल्यावर कोणी ओळखलं नाही. एकाने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बापू, काटा तं बंद हाय तुमचा!" मधला मोठा काटा बाराच्या जागी उभाच असतो, बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. चालू सेकंदाचा काटा डावीकडच्या छोट्या तबकडीत फिरतो. हे मला रोज समजावून सांगावं लागतं आणि आवडतंही.

तिसऱ्याच दिवशी ओरखडा पडला. कलमाखालच्या जंबेरीच्या खुंटावर फुटलेले पानसोट (नको असलेले कोंब) काढत होतो, त्यांचा काटा काचेवरून सरकन गेला. पोटात गोळा आला. पण मी हेसालाइटचं घेतलं होतं, म्हणजे काच नाही, ॲक्रिलिक. हे घड्याळ अंतराळवीर वापरायचे, आणि यानात काच फुटली तर तुकडे तरंगत राहतील; ॲक्रिलिकचा तसा चुरा होत नाही. मऊ कापडावर टूथपेस्टचा ठिपका घेऊन दहा मिनिटं गोल गोल घासलं, ओरखडा गेला. याच घड्याळात सफायरची कडक काचही मिळते, तिच्यावर इतक्या सहज ओरखडा पडत नाही, पण पडला तर असा घरी निघत नाही. वावरात वापरायचं असेल तर हेसालाइटच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये आमच्या वरच्या अंगाची चौतीस झाडं पिवळी पडायला लागली. कृषी केंद्रवाल्याने डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) सांगितला, पावडरी दिल्या. त्याच महिन्यात नात्यातलं लग्न होतं. तिथे भर मांडवात, माझ्या सासरच्या लोकांसमोर भाऊ म्हणाला, "याचं ध्यान वावरात नाही, मनगटावर हाय." सगळे हसले. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचं मापाचं भांडं घेऊन बगीच्यात गेलो. आमचे ठिबकचे ड्रिपर तासाला आठ लिटरचे. तासाचा शंभरावा भाग म्हणजे छत्तीस सेकंद, तेवढ्यात 80 मिलिलिटर पाणी पडायला पाहिजे. डाव्या हातात भांडं ड्रिपरखाली धरलं, उजव्या हाताने वरचं बटण दाबलं. भांडं आणि काटा दोन्ही एकाच नजरेत. विहिरीकडच्या पहिल्या झाडाला 78 आलं, मधल्याला 64, वरच्या ओळीच्या शेवटच्या झाडाला 31. तीन वेळा मोजलं, एकतीसच्या वर गेलं नाही. डिंक्या कशाचा, झाडं तहानेने मरत होती! बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर आतून बुजले होते. नळ्यांत आम्ल सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी टोकं उघडून धुऊन काढलं. पुन्हा मोजलं तर शेवटचं झाड 71 वर आलं. एकोणतीस झाडांना नवती (नवी पालवी) फुटली, पाच गेली.

भावाचं म्हणणं, मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असते. असते ना. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, ओल्या मातकट हाताने, उन्हात स्क्रीन दिसत नसताना त्याने ती एकदा चालवून दाखवावी. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 चं यान बिघडलं, वीज वाचवायची म्हणून यंत्रणा बंद ठेवल्या होत्या, तेव्हा मार्ग सुधारायला इंजिन चौदा सेकंद चालवायचं होतं. ते चौदा सेकंद अंतराळवीराने मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. मी काही चंद्रावर गेलो नाही, पण सेकंद मोजून जीव वाचतो हे मला माझ्या झाडांवरून कळलं आहे.

ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरचा वेगही मी त्यावरच पाहतो. पन्नास मीटरला खुणा केल्या, पंचेचाळीस सेकंद लागले की कडेच्या टॅकिमीटरवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या पट्टीवर, काटा 80 वर थांबतो. ती पट्टी एक किलोमीटरच्या हिशोबाची आहे, आपलं अंतर त्याचा विसावा भाग, म्हणून वीसने भागायचं. ताशी चार. दाट झाडीत याहून जोरात हाकलं तर औषध आतल्या फांद्यांपर्यंत पोहोचत नाही.

डेटोनाबद्दल: त्याची बटणं स्क्रूने बंद होतात. मोजायच्या आधी फिरवून उघडा, नंतर पुन्हा बंद करा. पाण्याला ते जास्त पक्कं, 100 मीटरचं, आणि चावीही द्यावी लागत नाही. पण दिवसातून वीस वेळा मोजणाऱ्याच्या ते कामाचं नाही. मी वापरलेलं नाही, मित्राचं दहा मिनिटं हातात घेतलं एवढंच. माझं मत स्पीडमास्टर.

स्पीडमास्टर 50 मीटरचं आहे म्हणून बेफिकीर राहू नका, पाण्यात बटण दाबायचं नाही. मोरचूद-चुन्याच्या फवारणीला काढून घरी ठेवा. मोटारीच्या स्टार्टरजवळ चुंबकाची भीती नाही, 2021 पासून यात असलेलं 3861 नंबरचं मशीन 15,000 गॉसपर्यंतचं (गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबक सोसतं. माझं दिवसाला दोन सेकंद पुढे जातं. सर्व्हिसिंगचा खर्च मोठा असतो, तो आत्ताच बाजूला काढा. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका, आणि पीककर्ज थकलं असेल तर हा विचारच सोडा. ड्रिपर मोजायला पाचशे रुपयांचं स्टॉपवॉचही पुरतं, हे खरं आहे, नाकारत नाही. पण ते माझ्या घरात कितीतरी वर्षं फडताळात पडून होतं आणि मी कधी मोजलं नव्हतं. हे हातावर आलं तेव्हा मोजावंसं वाटलं.

आणि सामाईक शेती असेल तर घेण्याच्या आधी भावाला हिशोब दाखवा, कागदावर, सही घेऊन. मी दाखवला नाही. दिवाळीत तो आला तेव्हा त्याला वरच्या ओळीत नेलं, नवती दाखवली, त्याच्यासमोर शेवटच्या झाडाचं पाणी मोजलं. 72 भरलं. त्याने भांडं हातात घेऊन पाहिलं आणि जेवायला चला म्हणाला. मांडवातला शब्द अजून मागे घेतलेला नाही.