रस्त्याच्या कामावर भावाचा जीव गेला. कंत्राटदारावर जबाबदारी येते का?

पेडण्यात महामार्गाचं काम सुरू असलेल्या वळणावर रात्री भावाची कार काँक्रीटच्या ब्लॉकवर आदळली, तो गेला, आणि पोलिसांनी गुन्हा त्याच्याच नावे नोंदवला, असं तुम्ही लिहिलंय. फार वाईट झालं. अपघाताचे दावे चालवणारा वकील म्हणून सांगतो: हो, कंत्राटदारावर जबाबदारी येऊ शकते. पण ती सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येईल आणि पुरावा रोज पुसला जातोय.

आधी पंचनाम्याची नक्कल मिळवा. त्यात बहुधा ‘भरधाव व हयगयीने’ एवढंच असतं. ब्लॉकच्या आधी किती अंतरावर फलक होता, ब्लिंकर पेटत होता का, ड्रमवरची रिफ्लेक्टरची पट्टी धुळीने माखली होती का, यावर अक्षर नसतं. अपघातानंतर नवे ड्रम, नवे फलक रातोरात उभे राहतात. म्हणून त्या रात्री थांबलेल्यांच्या मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ मागा. शेजारच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जायच्या आत घ्या. बांधकाम खात्याकडे माहिती अधिकारात कामाचा करार आणि वाहतूक वळवण्याचा मंजूर आराखडा मागा. कामाच्या जागी फलक, दिवे, अडथळे कसे लावायचे हे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या एसपी-५५ या मार्गदर्शिकेत दिलेलं आहे. आराखड्यात होतं आणि जागेवर नव्हतं, हे दाखवता आलं की दाव्याला पाय फुटतात.

निष्काळजीपणाने मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते कलम फक्त चालकांसाठी नाही. पोलीस कंत्राटदाराविरुद्ध तक्रार घेत नसतील तर अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८-अ रस्त्याचे निकष न पाळणाऱ्या कंत्राटदार, सल्लागार, अधिकारी या सगळ्यांना लागू होतं. दंड मात्र कमाल एक लाख, आणि तो अपघात निधीत जातो, घरच्यांना नाही. माणूस मेल्यावर एवढाच दंड, याची मला चीड येते.

घरच्यांना भरपाई हवी तर वाट वेगळी. कंत्राटदाराचा डंपर, रोलर किंवा दुसरं वाहन अपघातात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. फक्त ब्लॉक असेल तर कंत्राटदार आणि रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागेल. मुदत दोन वर्षांची धरून चाला. वेग जास्त होता असा युक्तिवाद होईलच. तो खरा ठरला तरी भरपाई कमी होते, दावा बुडत नाही.

आणि कार भावाच्याच नावावर असेल तर विम्याची पॉलिसी आजच काढून बघा. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात किंवा वेगळं घेतलेलं असेल आणि परवाना वैध असेल, तर चूक कोणाची हा वाद न घालता ती रक्कम वारसांना मागता येते.