'अनुग्रह घेतला', 'नाम घेतलं' आणि 'नेम'

प्रश्न असा: साताऱ्यातल्या माण तालुक्यात, म्हसवड-दहिवडीकडे, 'गोंदवल्याचा अनुग्रह घेतला' म्हणतात (गोंदवले म्हणजे ब्रह्मचैतन्य महाराजांचं गाव) आणि सांगलीतल्या जतकडची मंडळी 'नाम घेतलं, नेम चालू आहे' म्हणतात. हे एकच का? शिवाय अनुग्रह म्हणजे कृपा, ती गुरूनं करायची. मग शिष्य ती 'घेतो' कसा? ही चूक नव्हे का?

चूक नाही. विभक्तीकडे नीट बघा. 'महाराजांनी त्याच्यावर अनुग्रह केला' यात अनुग्रह म्हणजे कृपाच. 'महाराजांनी त्याला अनुग्रह दिला' म्हटलं की 'वर' जाऊन 'ला' येतो आणि अर्थ मंत्र देण्याचा होतो. जे देता येतं ते घेताही येतं, म्हणून 'त्यांच्याकडून अनुग्रह घेतला'. आशीर्वाद आणि निरोपही आपण असेच घेतो. तरी मूळ कर्ता गुरूच, हे भान जुन्या भाषेत स्पष्ट आहे. आपल्या गुरूपदेशाबद्दल तुकोबा 'केला अंगीकार' म्हणतात. अंगीकार करणारे त्यांचे गुरू बाबाजी, तुकोबा नव्हेत.

'नाम घेणं' याचे मात्र दोन अर्थ होतात. 'रोज नाम घेतो' म्हणजे जप करतो. 'भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं' म्हणजे दीक्षा मिळाली. सगळा फरक त्या 'कडून'मध्ये आहे, तो गाळू नका. हे भाऊसाहेब महाराज जत तालुक्यातल्या उमदीचे. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानड्यांना १९०१ साली त्यांच्याकडूनच नाम मिळालं. जतकडची बोली या परंपरेची.

तेव्हा अनुग्रह ही घटना, नाम ही त्यात मिळालेली वस्तू आणि नेम म्हणजे त्यानंतर रोज करायचं काम. 'नेम' हा 'नियम'चाच तद्भव, म्हणजे त्या संस्कृत शब्दापासून बदलत आलेलं रूप. नित्यनेम, नेमानं यांत तोच आहे. या परंपरेत मात्र त्याचा अर्थ आवळून नेमका झाला आहे: ठरल्या वेळी नामस्मरणाला बसणं. 'ते नेमाला बसलेत' म्हणजे आत्ता हाक मारू नका. 'नेम चुकला' हे बाहेरच्या माणसाला नेमबाजीचं वाटतं. इथे बैठक हुकलेली असते.

गोंदवल्याकडे कानावर येणारा दुसरा शब्द 'तेरा कोटी'. मंत्र त्रयोदशाक्षरी, 'श्रीराम जय राम जय जय राम', आणि अक्षरामागे एक कोटी जप, असा हिशेब. मोजताना अनेकजण 'श्री'ची दोन अक्षरं धरतात आणि चौदा येतात. जोडाक्षर एकच मोजायचं. माळेत मणी १०८ असले तरी जप १०० धरतात, वरचे आठ चुकभुलीसाठी. म्हणजे तेरा कोटीला तेरा लाख माळा.

आता लेखनाचं, कारण पत्रिकांवर ही चूक फार दिसते: 'अनुग्रहित साधक'. संस्कृत रूप 'अनुगृहीत'. ग्रह् धातूचं भूतकालवाचक रूप 'गृहीत' होतं; 'गृहीत धरणं'मध्ये तुम्ही ते बरोबर लिहिताच. 'संग्रहित'ही त्याच कारणानं 'संगृहीत' हवं. 'गृ' आणि दीर्घ 'ही' सांभाळणं जड वाटत असेल, तर पत्रिकेवर सरळ 'अनुग्रह घेतलेले साधक' छापा.