न विचारता घरात येणारे घरमालक

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोघीही हिंगणा एमआयडीसीत नोकरीला असल्यामुळे दिवसभर घर बंद असते. घरमालक खालच्या मजल्यावर राहतात. करार अकरा महिन्यांचा असून तो स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला आहे. नोंदणी झालेली नाही. दाराच्या लॅचची एक किल्ली त्यांनी स्वतःजवळ ठेवली आहे आणि आम्ही नसताना ते आत येऊन जातात. कधी कपाटाचे दार उघडे असते, कधी दोरीवरचे कपडे एका बाजूला सारलेले असतात, तर कधी टेबलावरची बँकेची पाकिटे उघडलेली दिसतात. विचारले तर सबमीटरचे रीडिंग घ्यायला आलो होतो किंवा कूलर चालू राहिला का ते बघायला आलो होतो, असे सांगतात. मागच्या रविवारी दुपारी आम्ही झोपलेलो असताना ते दार उघडून थेट आतल्या खोलीपर्यंत आले. "काकाजी, निदान बेल तरी वाजवा," असे म्हटल्यावर, "माझ्याच घरात मी बेल वाजवू का बेटा?" असे उत्तर मिळाले. कुलूप बदलण्याचा विषय काढला, तेव्हा डिपॉझिट विसरा आणि पाणीही बंद करीन, असे त्यांनी सांगितले. आम्ही काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घरमालकांच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. होय, त्यांनी बेल वाजवलीच पाहिजे, आणि त्याच्याही आधी येण्याची सूचना दिली पाहिजे. घराची मालकी त्यांची आहे, याबद्दल वाद नाही. परंतु भाडे घेऊन घर दुसऱ्याला राहायला दिले की करार संपेपर्यंत त्या घराचा प्रत्यक्ष वापर आणि ताबा राहणाऱ्याकडे असतो, आणि त्या काळात मालकाला आत येण्याचा हक्क मर्यादित होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ नुसार घरमालकाला जागेची पाहणी करता येते, पण ती वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना दिल्यानंतरच. तुमच्यासाठी महत्त्वाचे हे की हे कलम केवळ जुन्या पद्धतीच्या भाडेकरूंपुरते नाही. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवानगीवर, राहणाऱ्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे "तुम्ही भाडेकरू नाही, फक्त लायसन्सवर आहात" हा नेहमीचा युक्तिवाद इथे टिकत नाही. शासनाच्या नोंदणी विभागाच्या ऑनलाइन भाडेकराराच्या नमुन्यातही वाजवी सूचना देऊन पाहणी करण्याचे कलम असते. म्हणजे घरमालकांनी करार रीतसर नोंदवला असता, तर हीच अट त्यांच्या सहीसह कागदावर आली असती.

किती तास आधी सूचना द्यावी, हे कलम २८ मध्ये लिहिलेले नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा जो मसुदा राज्यांकडे पाठवला, त्यात किमान चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना देण्याची तरतूद आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, म्हणून त्याच्या आधारे दावा करता येणार नाही. मात्र "वाजवी" म्हणजे किती, हे घरमालकांशी ठरवताना एक दिवसाचा अवधी मागणे अवास्तव नाही, हे त्यावरून दाखवता येते.

आता नोंदणी न झालेल्या कराराविषयी. अनेकांना असे वाटते की नोंदणी नाही म्हणजे भाडेकरूची बाजू लंगडी. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे नागपुरातल्या पुष्कळ सुशिक्षित घरमालकांनाही ठाऊक नसते. हा मुद्दा पहिल्याच बोलण्यात धमकीसारखा वापरू नये, पण आपल्या पायाखालची जमीन पक्की आहे हे तुम्हाला माहीत असावे.

पहिले पाऊल म्हणून घरमालकांना आजच एक लेखी संदेश पाठवावा. तोंडी बोलणे पुरे झाले. व्हॉट्सअॅप चालेल, भाषा आदराची पण निःसंदिग्ध असावी. उदाहरणार्थ : "काकाजी, मागच्या रविवारी दुपारी आम्ही झोपलेलो असताना आपण दार उघडून आत आलात. याआधीही आम्ही नसताना आपण घरात आला होतात. यापुढे पाहणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी यायचे असल्यास कृपया एक दिवस आधी कळवावे आणि आमच्यापैकी कोणीतरी घरी असताना यावे. सबमीटरच्या रीडिंगचा फोटो आम्ही दर महिन्याच्या १ तारखेला पाठवू." शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. मीटर पाहणे ही घरमालकाची खरी गरज असू शकते. ती तुम्ही स्वतःहून भागवली की आत येण्याचे कारण उरत नाही, आणि त्यानंतरही ते आले तर मीटरसाठी आलो होतो, असे त्यांना म्हणता येणार नाही. शक्य असल्यास सबमीटर बाहेर जिन्याजवळ लावून घेण्याची विनंतीही करावी. या संदेशामुळे तारीख, घटना आणि तुमचा स्पष्ट नकार या तिन्ही गोष्टींची नोंद होते. पुढे पोलीस ठाण्यात वा न्यायालयात जावे लागले, तर सगळ्यात आधी हेच विचारले जाते की तुम्ही त्यांना येऊ नका असे कधी सांगितले होते.

कुलुपाबाबत माझे मत स्पष्ट आहे : बदला. आधी कराराचे कलम वाचून पाहा. कुलूप बदलण्यास त्यात मनाई नसेल, तर लॅचचा आतला सिलिंडर बदलून घेणे हे काही घराचे बांधकाम बदलणे नव्हे. दाराला नवे भोक पाडू नका, जुना सिलिंडर आणि त्याच्या किल्ल्या जपून ठेवा आणि घर सोडताना तोच पुन्हा बसवून द्या. बदलल्यावर घरमालकांना कळवा. चोरून करू नका. करारात मनाई असेल, तर कडी-कोयंड्याला आपले वेगळे कुलूप लावावे आणि घरात असताना आतून कडी लावण्याची सवय करावी. कॅमेरा बसवायचा असेल तर तो आपल्याच घरात, आपल्याच दारावर रोखलेला असावा. जिना आणि अंगण घरमालकांच्या कुटुंबाच्याही वापरात असते, त्यामुळे तिकडे तो वळवल्यास तक्रार तुमच्यावरच उलटेल.

रागाच्या भरात भाडे मात्र थांबवू नका. इतकी भक्कम बाजू या एका चुकीने कमकुवत झालेली अनेकदा दिसते. भाडे ठरल्या तारखेला बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे आणि पावती मागावी; कलम २६ नुसार पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याचप्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर हट्टाने राहू नये, कारण कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा तर घेतला जातोच, शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

पाणी तोडण्याच्या धमकीला घाबरण्याचे कारण नाही. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा, स्वच्छतेची सोय अशा आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय बंद करणे हा गुन्हा आहे आणि त्या पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाकडून तातडीने मागता येतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह खरोखर बंद केला गेला, तर त्याचा तारीख-वेळेसह फोटो काढून त्याच दिवशी लेखी कळवावे. मे महिन्यातल्या नागपुरात पाण्याविना एक दिवस काढणे म्हणजे काय, हे न्यायाधीशांना समजावून सांगावे लागत नाही.

डिपॉझिट हा पैशाचा वेगळा हिशेब आहे. कुलूप बदलले म्हणून ते जप्त होत नाही. घराचे प्रत्यक्ष नुकसान किंवा थकबाकी असेल तरच तेवढी रक्कम कापता येते. म्हणून आजच प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि भिंतींचे फोटो काढून ठेवावेत.

संदेशानंतरही प्रवेश थांबला नाही तर पुढची पायरी वकिलामार्फत नोटीस, आणि त्यानंतर घरात विनापरवानगी येण्यास मनाई करणाऱ्या आदेशासाठी दिवाणी न्यायालयात दावा. नागपुरात यासाठी सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जावे लागेल. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुम्ही नोकरी करता म्हणून ती मदत नाकारली जाणार नाही. संकोच न करता अर्ज करावा.

पोलिसांकडे केव्हा जावे, हा प्रश्न उरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचे कलम ४४८ लागते. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा राहणाऱ्याला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे, हा या गुन्ह्याचा गाभा आहे. केवळ मीटर पाहून गेलेल्या माणसाचा असा हेतू सिद्ध करणे सोपे नसते, म्हणून सर्वसाधारणपणे मी लोकांना आधी लेखी सूचना आणि मग पोलीस हाच क्रम सांगतो. लेखी नकारानंतरही तो आला, तर हेतूबद्दलची शंका बरीच दूर होते.

तुमच्या पत्रातल्या रविवारच्या घटनेला मात्र मी या सर्वसाधारण क्रमात बसवत नाही. दोन तरुणी झोपलेल्या असताना एक पुरुष स्वतःच्या किल्लीने दार उघडून आतल्या खोलीपर्यंत येतो, ही गोष्ट मीटर किंवा कूलर यांच्याशी जोडता येत नाही. पुन्हा असे झाले तर नोटिशीची वाट न पाहता ११२ वर फोन करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. महिलेचा विनयभंग करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसखोरी करणे हा न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे; घरात लपवलेला कॅमेरा आढळला तर कलम ७७ लागू होते. ठाण्यात "घरमालक-भाडेकरूचा दिवाणी वाद आहे" असे सांगून परत पाठवले, तर तक्रारीच्या प्रतीवर पोच मागावी आणि तीच तक्रार पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवावी. तरीही दखल घेतली गेली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. याबाबत घरच्यांनाही विश्वासात घ्या. "दुसरी खोली बघ, कशाला वाद घालते" असा सल्ला कदाचित मिळेल. घर सोडणे हा तुमचा निर्णय असू शकतो, पण सोडताना त्याचे कारण नोटिशीत लिहून सोडा, म्हणजे मुदतीपूर्वी गेल्याचा ठपका ठेवून डिपॉझिट अडवता येणार नाही.

प्रश्न : महाल भागातील आमच्या जुन्या घराचा वरचा भाग भाड्याने दिला आहे. उन्हाळ्यात भाडेकरू गावी गेले असताना त्यांच्या कूलरच्या नळाचा पाइप निसटला आणि आमच्या छतातून पाणी गळू लागले. माझे वय सत्तर आहे. त्यांचा फोन लागत नव्हता. किल्ली माझ्याकडे होती, तरी मी आत गेले नाही आणि माझे बरेच नुकसान झाले. मी जायला हवे होते का?
– एक वाचक, महाल

उत्तर : होय, जाता आले असते. नुकसान थांबवण्यासाठी केलेल्या अशा प्रवेशात त्रास देण्याचा हेतू नसतो, म्हणून तो गुन्हा ठरत नाही. तुम्ही दाखवलेला संकोच आदरास पात्र आहे, पण पुढच्या वेळी पुढील काळजी घेऊन खुशाल आत जावे. आधी फोन करून पाहा आणि तो लागला नाही तरी संदेश पाठवा. शेजारच्या दोघांना सोबत घ्या, दार उघडल्यापासून बंद करेपर्यंत मोबाइलवर चित्रण करा, फक्त नळ बंद करा, इतर कशालाही हात लावू नका आणि लगेच भाडेकरूंना चित्रण पाठवून द्या. झालेल्या नुकसानीचा खर्च पावत्यांसह त्यांच्याकडे लेखी मागता येईल. नवा करार कराल तेव्हा आणीबाणीत कोणाला फोन करायचा आणि कोणाच्या उपस्थितीत दार उघडायचे, हे त्यातच लिहून घ्या आणि तो करार नोंदवा. नोंदणी शुल्क शहरात एक हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क भाड्याच्या एकूण रकमेवर पाव टक्का असते. डिपॉझिट घेतले असेल, तर त्यावर धरलेले वार्षिक दहा टक्के व्याजही त्या रकमेत मिळवतात.