वाचकांचे प्रश्न : तेर, पांढर आणि तरंगती वीट

प्रश्न : प्राचीन 'तगर' म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेरच, हे कशावरून ठरले?

उत्तर : इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात गुजरातमधल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर, असा उल्लेख आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' (श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी) अशी बिरुदे लावू लागले. हे तगर कुठले, याचा शोध आधुनिक अभ्यासकांनी जुन्नर, देवगिरी, धारूर, थेट कोल्हापूरपर्यंत सगळीकडे घेतला. कोरीव लेखांचे ब्रिटिश अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरणा नदीकाठच्या तेरचे नाव पुढे केले. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर भरते. रोज १५-१७ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दहा दिवस हवेतच. दिशा पूर्व नसून आग्नेय, एवढी तफावत सोडून द्यावी. पुढच्या उत्खननांत सातवाहनकालीन थर आणि विटांचा स्तूप मिळाल्यावर वाद जवळपास मिटला.

प्रश्न : आमचे शेत गावाच्या पांढरीला लागून आहे. नांगरताना खापरे, मणी, कधी नाणे वर येते. ते सातवाहनांचे आहे हे कसे ओळखावे आणि त्याचे काय करावे?

उत्तर : पांढर म्हणजे शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, राख आणि शेण यांचा ढीग. तेरलाही गावाभोवती अशीच टेकाडे आहेत. घर सारवायला किंवा खत म्हणून पांढरी माती उपसली की वरखालचे थर कालवले जातात आणि काळ ठरवण्याचा मार्गच बंद होतो.

खापर आतून व काठाला काळे आणि बाहेरून तांबडे असेल तर ते जुने असू शकते. भांडे भट्टीत पालथे ठेवल्याने आत हवा पोचत नाही, म्हणून हा दुरंगीपणा. पण ही रीत सातवाहनांच्या आधीपासून चालत आलेली, तेव्हा एकट्या खापरावर भिस्त ठेवू नका. थाळीच्या तळाला आतून बारीक टिंबांची वर्तुळे दिसली तर तो धागा जास्त पक्का. शिशाच्या किंवा पोटीनच्या (तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रधातूच्या) नाण्यावर एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेला क्रूस असेल तर सातवाहन म्हणायला हरकत नाही.

नाणे चिंचेने किंवा लिंबाने अजिबात घासू नका. आम्ल शिसे खाते, आणि अक्षरे नेमकी त्या वरच्या पातळ थरातच असतात. वस्तू निघाली त्या जागी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जमिनीपासून खोली आणि बांधापासूनचे अंतर लिहून ठेवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. (दहा रुपये १८७८ चे, पण आकडा तोच!) आणखी काही मिळेल म्हणून स्वतः खड्डा खणू नका.

तेरच्या लामतुरे संग्रहालयाकडे बघा. तिथला मूळ संग्रह रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरातून जमवला; तो नसता तर बरेच काही हरवले असते. पण यातल्या बहुतेक वस्तूंचा थर नोंदलेला नाही. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी जुळते. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणून तिथली मूर्ती त्याआधीची हे नक्की. तेरच्या मूर्तीचा काळ मात्र या साम्यावरूनच काढावा लागतो.

प्रश्न : तेरची वीट पाण्यावर तरंगते, हे खरे का?

उत्तर : हो, तशा विटा तिथे आहेत. मातीत भाताचे तूस भरपूर मिसळले की भाजताना ते जळून जाते आणि जागोजागी पोकळ्या उरतात. पोकळ्यांतली हवा धरून विटेची घनता पाण्याहून कमी झाली की ती तरंगते. पोकळ्यांत पाणी भरत गेले की मात्र हळूहळू बुडेल, म्हणून संग्रहालयातल्या विटेवर प्रयोग करायला मागू नका.