मुलीच्या स्थळाला माझा आजार सांगायचा का?

प्रश्न: ताई, मी सातारा जिल्ह्यातली, वय 47. तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, किमो, लाइट (रेडिएशन) सगळं पार पडलं, रिपोर्ट चांगले आहेत. आता मुलीला स्थळं येतात. जाऊबाई म्हणतात, "पाहुण्यांपुढे दुखण्याचा विषय नको, हातावरची ती स्लीव्हपण काढून ठेव." माझ्यामुळे पोरीचं अडेल, या विचाराने जीव खालीवर होतो. तपासणीची तारीख जवळ आली की डोळ्याला डोळा लागत नाही. यजमान म्हणतात, "झालं गेलं, विसर आता."

उत्तर: ताई, आधी ती स्लीव्ह. काखेतल्या गाठी काढल्यावर हातात पाणी साठून सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी ती घट्ट बाही दिली. पाहुणे कुणीही असोत, ती काढायची नाही.

आजार लपवू नका. पहिल्या फोनवर सांगायची गरज नाही, पण पोहे झाले, दोन्हीकडून होकाराचा सूर दिसला की साखरपुड्याआधी मुलीनेच मुलाला सांगावं. लग्नानंतर तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावरून सासरी कळलं, तर राग आजाराचा नसतो, लपवाछपवीचा असतो; आणि टोमणे तिला खावे लागतात. मुळात तिला काय वाटतं? तुमच्या पत्रात सगळे बोलतात, ती एकटी बोलत नाही. आज रात्री जेवणं उरकली की तिला विचारा.

"मुलीलाही होईल का?" हे कुणीतरी विचारणारच. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींनाच तो आनुवंशिक दोषामुळे होतो. तुम्हाला पन्नाशीच्या आत झाला, म्हणून डॉक्टरांना बीआरसीए तपासणीबद्दल, म्हणजे असा आनुवंशिक दोष शोधणाऱ्या रक्ततपासणीबद्दल, जरूर विचारा. रक्त आधी तुमचं तपासतात. दोष सापडलाच, तर तो मुलीत असण्याची शक्यता निम्मी; मग तिची तपासणी आणि पुढची काळजी डॉक्टर ठरवतील. हे सगळं तिच्या तब्येतीसाठी करायचं. स्थळाला दाखवायला नव्हे, हे मी मुद्दाम सांगते.

तपासणीआधीची भीती बऱ्या झालेल्या पुष्कळ जणींना छळते. त्यात तुमचं मन कच्चं आहे असं अजिबात नाही. झोप फारच उडाली तर 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत न्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत ओपीडीच्या बाकावर ते तुमच्या शेजारी बसले, की 'विसर' म्हणणं त्यांनाच जड जाईल.