पुण्यात जुनं दगडी चर्च घेऊन त्याचं राहतं घर करता येईल का?

घेणंच अवघड. चर्चची मालमत्ता बहुतेकदा सार्वजनिक न्यासाची असते, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, तर अनेक ठिकाणी जमीन संरक्षण खात्याची, बांधकाम तेवढं धारकाचं. इंग्लंडात ओस पडलेली चॅपेल राजरोस विकली जातात, पण ते पाहून इथले बेत आखू नका.

तशाच बांधणीचा जुना बंगला किंवा वाडा मात्र मिळू शकतो. तो मिळाला, तर चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. कंत्राटदार तोच सुचवेल, कारण त्याला तोच येतो. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडतं, मग लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर क्षार फुटतात, आणि पापुद्रे सुटतात. दगडांमधल्या दरजाही चुन्यानेच भरा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. आजही हे काम जाणणारे कारागीर आहेत, फक्त शोधावे लागतात. चुना नीट मुरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून घाईचं वेळापत्रक विसरा.

तुळया मधून ठणठणीत दिसल्या, तरी भिंतीत गेलेली टोकं टोचून पाहा. कुज आणि वाळवी बहुधा तिथेच सुरू होते. कौलं पावसाळ्याआधी, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. उंच छताखाली माळा हवा असेल, तर तो स्वतंत्र लोखंडी खांबांवर उभारा, जुन्या भिंतींवर भार नको.