एल निनो आधीच कळतो, मग छोट्या बेटांवर पाणी संपतंच कसं?

तुम्ही विचारलंय की एल निनोची बातमी कित्येक महिने आधी येते, तरी पॅसिफिकमधल्या बेटांवर पाण्याची आणीबाणी का लागते आणि करायचं काय. मी भूजलाच्या कामात आहे, विषय जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे एल निनो म्हटलं की पावसाळा बिघडणार एवढंच डोक्यात येतं, पण पॅसिफिकमध्ये गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पाऊसही त्याच्या मागे जातो, म्हणून किरिबाटीत धो धो आणि मार्शल आयलंड्स, पलाऊ कोरडे ठाक. ला निनात, म्हणजे गरम पाणी पश्चिमेकडे साठतं तेव्हा, उलटं. २०११ ला तुवालूत आणीबाणी लागली ती ला निनामुळे, राजधानी फुनाफुटीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं, तिथे ना नदी ना ओढा, छपरावरचं पाणी टाकीत पडलं तरच प्यायला.

आता मार्शलची राजधानी माजुरो बघा. विमानतळाच्या धावपट्टीवर पडलेला पाऊस गोळा करून शेजारच्या तलावांत साठवतात, शहराची मुख्य भिस्त त्यावरच. एल निनो जोरात असतो डिसेंबरच्या आसपास, पण माजुरोत खरा कोरडा काळ येतो त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत. म्हणजे सप्टेंबरात अंदाज हातात असतो तेव्हा बाहेर पाऊस चालू, टाक्या भरलेल्या, अशा वेळी पाणी जपून वापरा सांगितलं तर कोण मनावर घेणार? खरी गोम इथेच आहे. टाकी अर्ध्यावर आल्यावर कपात केली तर फार उशीर झालेला असतो, ती टाकी भरलेली असतानाच सुरू करायला हवी.

१९९७ ला हे बऱ्यापैकी जमलं होतं. हवाई आणि ग्वाम विद्यापीठांच्या साथीने १९९४ पासून चालणाऱ्या एन्सो (एल निनो-ला निनाचं चक्र) केंद्राने महिनोन्महिने आधी इशारा दिला, नुसतं पत्रक न काढता माणसं बेटांवर पाठवली, तिथल्या सरकारांनी दुष्काळासाठी समित्या नेमल्या. तरी १९९८ ला माजुरोत नळाला पंधरवड्यातून काही तासच पाणी यायचं, पण निदान तयारी होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मार्शलमध्ये पुन्हा आणीबाणी, तोही एल निनोच, त्याच एप्रिलात आपल्याकडे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं.

उपायांत मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटते ती पन्हळ. १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, ५० चौरस मीटरच्या घरावर १० मिमी पडला की ५०० लिटर, पण पन्हळ एकाच बाजूला असेल किंवा गंजून फुटलेली असेल तर निम्मं पाणी वाळूत. अंदाज आल्यावर पाऊस असेपर्यंत ती दुरुस्त करा, टाकीची गळती बंद करा.

विहिरींचं प्रकरण नाजूक आहे. प्रवाळ बेटाखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर खाली ४० मीटर, म्हणजे वरून वीतभर पातळी उतरली की खालून खारं पाणी नऊ-दहा मीटर वर येऊ शकतं. टंचाईत लोक नेमका तिथेच जोरात पंप लावतात आणि मग विहीर खारट होते ती बराच काळ सुधरत नाही. त्यापेक्षा किरिबाटीत तारावा बेटावरच्या बोनरिकीत करतात तसं जमिनीत आडवे सच्छिद्र पाइप टाकून वरवरचं पाणी हळूहळू घ्यायचं. खारं पाणी गोडं करणारं आरओ मशिन हवंच, पण त्याला वीज किंवा डिझेल लागतं, सुटे भाग जहाजाने येतात, तेव्हा पाणी संपायच्या आधीच चालवून बघा.

आणि हो, मार्च-एप्रिलमधला एल निनोचा अंदाज कच्चा असतो, त्यावर मोठा खर्च करू नका. जून-जुलैनंतरचे आकडे बरेच भरवशाचे, कपातीचा निर्णय त्यावर घ्या. पन्हळ मात्र एप्रिलातही दुरुस्त करायला हरकत नाही, दुष्काळ नाही आला तरी ते पाणी वापरात येईलच.